नवव्या पानाचा मजकूर

गोंदिया
७ ऑगस्ट २०२५

बाबूजी,

लॅबचं सामान न्यायला आलेल्या तिलकदादांच्या हाती तुम्ही पाठवलेली लॅबची जाहिरात मिळाली. ती परत करते आहे. रागाने परत केली असं वाटू नये म्हणून कारण लिहिते. तुम्ही माझा फोन घेत नाही, तेव्हा कागदच बरा.

'सावकाश' हे त्रैमासिक कुणासाठी आहे ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. ज्यांना आजाराची धास्ती बसली आहे अशा लोकांसाठी ते आहे. छातीत चमक आली की हार्ट अटॅक, डोकं दुखलं की गाठ, असं ज्यांना रोज वाटतं, आणि डॉक्टरने काही नाही म्हटलं की दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या दिवशी पुन्हा वाटतं, ते लोक. अंजू मॅडम त्यांच्यावर उपचार करतात. मजकूर त्यांचा असतो. मांडणी माझी.

मांडणीचे आमचे काही नियम आहेत. लाल रंग नाही. ठळक अक्षर नाही. शरीराच्या चित्रावर बाण नाहीत. लेख ज्या पानावर सुरू होतो त्याच्या समोरच्या पानावर संपतो, कारण 'उर्वरित मजकूर पान चौदावर' असं वाचलं की हे लोक चौदावर पोचेपर्यंत घाबरलेले असतात. कोरं पानही ठेवत नाही. नमुना अंकात एक ठेवलं होतं, तर तिघांनी त्यावर आपला बीपी लिहून आणला. एक सदर आहे, 'या तीन महिन्यांत मी काय तपासलं नाही'. आमगावच्या एका गृहस्थांनी कळवलं की आठवडाभर आरशात जीभ पाहिली नाही, तेवढ्या वेळात गोठ्याची कौलं फेरून झाली.

तुमच्या जाहिरातीत लाल अक्षरात लिहिलं आहे, 'काहीच त्रास नाही? खात्री आहे?' हे आमच्या मलपृष्ठावर छापलं तर आतल्या सगळ्या पानांचा उपयोग संपेल. मजकूर बदलून पाठवलात तरी लॅबची जाहिरात घेणार नाही. हे फक्त तुमच्या लॅबपुरतं नाही, सगळ्यांनाच तसं कळवलं आहे.

वच्छलाबाई आता दर बुधवारी मॅडमकडे येतात. तुम्हाला आठवत असतील. घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं म्हणून आपल्याकडे दर महिन्याला पूर्ण तपासणी करून घ्यायच्या. मी काउंटरवरून त्यांना आता पुरे म्हटलं, आणि तुम्ही सगळ्या पेशंटसमोर म्हणालात की गुंजन, तू इथं दुकान चालवायले बसते का बुडवायले. त्यानंतर मी काउंटर सोडला आणि इथं आले. विषय म्हणून हे काढत नाही. त्या बऱ्या आहेत एवढंच.

आणखी एक. माय म्हणाली की महिना-दीड महिना तुम्ही भात कुस्करून, ताक कालवून खाता. तिखट बंद केलंय. दाताचं असेल तर दाखवून घ्या. सुपारी-तंबाखूचा खर्रा चालूच आहे हेही तिने सांगितलं. ते मी विचारलं नव्हतं.

गुंजन


गोंदिया
१८ ऑगस्ट २०२५

बाबूजी,

पाकीट मिळालं. आत पत्र असेल असं वाटलं होतं. तुमच्या रक्ताचा रिपोर्ट निघाला.

मी तो नीट वाचला. हिमोग्लोबिन चांगलं आहे, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक. कुठेही ठळक आकडा नाही. या रिपोर्टची चौकट मीच बसवली होती, त्यामुळे ठळक काय होतं आणि काय होत नाही हे मला पाठ आहे. रिपोर्ट उत्तम आहे. मी विचारलं त्याचं उत्तर त्यात नाही.

तुम्ही तीस वर्षं लॅब चालवता, तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही. पण गालाच्या आतलं रक्तात दिसत नाही हे तुम्हीच मला मी लॅबच्या डीएमएलटी कोर्सला असताना सांगितलं होतं. मोरगावचे एक गुरुजी वर्षभर रक्त तपासत राहिले आणि तोंड कुणी उघडायला लावलं नाही, असं तुम्ही सांगत होतात. त्यांचं पुढे काय झालं तेही सांगितलं होतं.

तिलकदादांना रागावू नका. मी विचारलं म्हणून ते बोलले. सकाळी यंत्र सुरू केल्यावर ते बरोबर मोजतं आहे ना हे पाहायला कंट्रोलची कुपी लावायची असते. ते म्हणाले, "काकाजी कुपी नाही लावत आता. सकायचा पयला सॅम्पल आपलाच लावते. रोज." मी म्हटलं, यंत्रासाठी असेल. ते म्हणाले, "यंत्रासाठी असता त आकडा पाहून फेकला असता ना. काकाजी त कागद हातात घेऊन बसून राहते."

बाबूजी, रोज एकच तपासणी करायची, ती चांगली आली की दिवसभर बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मॅडमकडे येणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट अशीच सुरू होते. फरक एक आहे. त्यांना जिथे काही नाही तिथे ते तपासतात. तुम्हाला जिथे काही आहे ती जागा सोडून तुम्ही बाकी सगळं तपासता.

माय म्हणते गालात पांढरं दिसतं. कधीपासून ते तिला माहीत नाही. तुम्हाला माहीत असणार.

पोळ्याला घरी येते आहे.

गुंजन


गोंदिया
२६ ऑगस्ट २०२५

बाबूजी,

पोळ्याच्या दिवशी जेवताना तुम्ही मला जे विचारलंत त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही. मला बोलताना लगेच सुचत नाही, आणि मायच्या ताटात अन्न होतं.

मी एवढंच म्हटलं होतं की तोंड उघडा, पुरतं उघडतं का, तीन बोटं उभी जातात का ते पाहू. पुरणपोळीचा घास तुम्ही बोटांनी चपटा करून आत सरकवत होतात. ते मी पाहत होते आणि मी पाहते आहे हे तुम्ही पाहिलंत. मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात.

तुम्ही म्हणालात, "तू त लोकायले शिकवून राहिली का तपासू नका, तपासू नका. मासिक काढलं त्याच्यावर. मंग बापालेच काऊन तपासायले लावून राहिली?"

माय हसली. तिला वाटलं तुम्ही गंमत करता आहात. मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

उत्तर असं आहे. आम्ही कुणालाही तपासू नका म्हणत नाही. तेच ते पुन्हा तपासू नका म्हणतो. पण तुमचा प्रश्न चुकीचा नाही, कारण अंकात हा फरक कुठे स्पष्ट लिहिलेलाच नाही. मी आल्यावर पहिल्या दोन अंकांची पानं काढून पाहिली. भिऊ नका, थांबा, श्वास घ्या, लक्ष दुसरीकडे वळवा. तुमच्यासारख्या माणसाने ते अंक वाचले तर त्याला गाल न दाखवण्याचं कारणच हातात मिळेल. छापील, आणि माझ्या मांडणीतलं.

मी मॅडमना सांगितलं की येत्या अंकात एक पान हवं. डॉक्टरकडे खरंच कधी जायचं, यावर. त्यांनी लगेच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "गुंजन, तू लक्षणांची यादी छापशील आणि माझे चाळीस पेशंट दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभे राहतील." मी म्हटलं, आणि यादी नाही छापली तर एक जण घरी बसून राहील. त्यांनी विचारलं तो एक कोण. मी वाचक म्हटलं.

त्यांना तुमच्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

आमचं ठरलं आहे ते असं. पान नऊ माझं. चाळिसांपैकी एकही जण घाबरता कामा नये आणि तो एक जण उठून गेला पाहिजे. तसं जमलं तर छापायचं, नाहीतर त्या जागी काकडीच्या कोशिंबिरीची पाककृती जाईल. ती तयार आहे.

तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात. माय नंतर ताट घेऊन ओसरीवर आली होती, पण तुम्ही धानाच्या बांधीवर निघून गेला होतात. कालव्याचं पाणी सुटलं नव्हतं त्या दिवशी. बांधीवर काही काम नव्हतं.

गुंजन


गोंदिया
१० सप्टेंबर २०२५

बाबूजी,

सोबत पान नऊचा कच्चा छाप आहे. तांत्रिक मत हवं आहे म्हणून पाठवते. रिपोर्टच्या ओळींमधलं अंतर तुम्हाला नेहमी कमी वाटायचं, इथे पुरेसं आहे का ते पाहा. चष्मा लावून आणि चष्म्याशिवाय, दोन्ही.

मजकूर थोडा आहे. लक्षणांची यादी नाही. एकाही आजाराचं नाव नाही. एवढंच आहे: दोन-तीन आठवडे झाले तरी जे बरं होत नाही, ते एकदा डॉक्टरला दाखवा. जाण्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा. दाखवून झाल्यावर थांबा.

मॅडमना 'थांबा' आवडलं. बाकीच्यावर त्यांचं मत राखून आहे.

मंगळवारी, सोळा तारखेला, इथल्या सरकारी दवाखान्यात तोंडाच्या आजारांचे डॉक्टर असतात; शुक्रवारीही असतात. मी सकाळी चिठ्ठी काढून मुख्य दारापाशी उभी राहीन. तुम्ही सकाळच्या गाडीने निघालात तर वेळेत पोचता. गावात कुणाला काही सांगायचं नसेल तर लॅबची रिएजंट रसायनं आणायला जातो म्हणा. तिलकदादा लॅब पाहतील.

मायने सांगितलं की परवा तुमच्या उशीवर रक्ताचा डाग होता आणि तुम्ही म्हणालात हिरडी सुजली. तिने उशीची खोळ धुऊन टाकली. तिला वाटतं तुम्हाला सगळं कळतं, कारण गावात कुणालाही काही झालं की लोक आधी तुम्हालाच विचारतात.

तुम्ही यावं असं मला वाटतं. दुसऱ्या शब्दांत कसं लिहायचं ते पाहिलं, जमलं नाही.

गुंजन


गोंदिया
१६ सप्टेंबर २०२५

बाबूजी,

तुम्ही आला नाहीत. ओपीडी बंद होईपर्यंत मी दारात होते.

मी पुन्हा तारीख काढणार नाही असं लिहायला बसले होते. अर्धं पत्र झालं तेव्हा तिलकदादा आले. त्यांच्याकडे तुम्ही परत पाठवलेलं पान नऊ होतं.

अंतराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. पहिल्या वाक्यापुढे निळ्या पेनने एक ओळ घातली आहे: 'रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी.'

मी ती ओळ पुष्कळ वेळ पाहिली. तुमचं अक्षर सरळ आहे. खाडाखोड नाही.

ही ओळ बरोबर आहे, बाबूजी. तीस वर्षं लॅब चालवलेल्या माणसानेच लिहावी अशी आहे. पण ती तशी छापता येणार नाही. का ते उद्या सांगते, आधी एकदा वाचून घ्यायची आहे एका वाचकाकडून.


१७ सप्टेंबर

वच्छलाबाई आज आल्या होत्या. तेंदूपत्त्याची टोपली बरोबर असते त्यांची. नंबर येईपर्यंत बाकावर बसून बिड्या वळतात. मी तुमच्या ओळीसकट पान त्यांना वाचायला दिलं आणि समोर बसले. पहिलं वाक्य वाचेपर्यंत हात चालू होते. तुमच्या ओळीपाशी थांबले. हातातलं तेंदूचं पान उलगडलं, जर्दा मांडीवर सांडला. त्यांनी घशाला हात लावला आणि मला विचारलं, "म्हंजे माहे रिपोर्ट चांगले आले, त्याले काई अर्थ नोता का बाई?"

मॅडम दारातून पाहत होत्या. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तुमची एक ओळ तुम्हाला दवाखान्यापर्यंत नेईल असं मला वाटत होतं, आणि तीच ओळ या बाईला वर्षभर मागे ढकलत होती. मी त्यांना काही नाही, ठीक आहे, असं म्हणू शकत नव्हते. धीर दिला की दोन दिवसांनी पुन्हा धीर मागायला येतात, म्हणून आम्ही धीर देत नाही. मी विचारलं, मावशी, घसा डॉक्टरने आतून पाहिला होता का? त्या म्हणाल्या, "पायला ना. नळी घालून पायला. नागपुरात पायला." मग त्या स्वतःच म्हणाल्या, "मंग झालं." आणि जर्दा गोळा करायला लागल्या.

त्यावरून पान नऊ बदललं. आता असं आहे:

दोन-तीन आठवडे झाले तरी जे बरं होत नाही, ती जागा डॉक्टरने स्वतः पाहिली आहे का? पाहिली असेल, तर पुरे. नसेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी ती जागा एकदा दाखवा. जाण्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा. दाखवून झाल्यावर थांबा.

तुमची ओळ जशीच्या तशी आहे. फक्त जागा बदलली. मॅडमनी तीनदा वाचलं आणि कोशिंबीर पुढच्या अंकात टाकू म्हणाल्या.

छापखाना शनिवारी पान घेणार आहे. प्रत सोबत पाठवते. या वेळी मत मागत नाही. पानावर प्रश्न आहे, तुमच्याकडे उत्तर आहे. ते मला कळवायची गरज नाही. मायला सांगा.

गुंजन


गोंदिया
२९ सप्टेंबर २०२५

बाबूजी,

तुम्ही शुक्रवारी दवाखान्यातून फोन केलात तेव्हा मी छापखान्यात होते. तुमचा नंबर पाहून आधी वाटलं माय असेल. तुम्ही म्हणालात, "लाइनीत उभा हावो. चिठ्ठी काढली. मायले सांगून आलो." मी ऑटोने येईपर्यंत तुमचा नंबर येऊन गेला असता, पण तुम्ही मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलंत. ते मला त्यांच्यापैकीच एकाने सांगितलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. तुम्ही त्यांना मॅडम म्हटलंत आणि तोंड उघडलंत. दोन बोटंही जात नव्हती. तपासणीसाठी गालातला तुकडा काढताना तुम्ही माझ्या मनगटाला धरलं होतं. नंतर सोडायचं तुमच्या लक्षात राहिलं नाही, आणि मी आठवण केली नाही.

स्टेशनवर तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट आला का फोन नोको करू. लिहून आणजो. तू बोलतेस त मी भांडतो. लिहितेस त पुरा वाचतो."

म्हणून लिहिते आहे. तुकड्याचा रिपोर्ट आज सकाळी मिळाला.

कॅन्सर आहे.

डाव्या गालाच्या आत आहे. लहान आहे. मानेला हात लावून पाहिलं तेव्हा गाठ लागली नाही, पण स्कॅन केल्यावरच नक्की सांगता येईल. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करून काढता येईल असं आज दिसतं. त्यानंतर रेडिएशनचा शेक द्यावा लागेल का ते काढलेल्या भागाच्या तपासणीवर ठरेल. अजून चार-सहा महिने थांबला असतात तर हे बोलणं वेगळं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. पूर्ण बरं होईल का असं मी विचारलं. या टप्प्यावर बरेच लोक होतात, असं उत्तर मिळालं. त्याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मी पदरचं घालत नाही.

आधी मी 'लहान आहे' हे वर घेतलं होतं. मग लक्षात आलं की तुम्ही कॅन्सर हा शब्द शोधत सगळ्या ओळींवरून नजर फिरवाल आणि मधलं काहीच वाचणार नाही. म्हणून तो शब्द आधी ठेवला. त्याच्या खालचं सगळं त्याच्याइतकंच खरं आहे. ते त्याच अक्षरात, त्याच मापात लिहिलं आहे.

येत्या सोमवारी नागपूरला जायचं आहे. मी बरोबर येते. ऑपरेशन होऊन तुम्ही घरी येईपर्यंत लॅब मी आणि तिलकदादा पाहू. सकाळी यंत्राला कुपी लावू. मॅडमना आज सांगितलं की तो एक वाचक माझे वडील आहेत. त्या म्हणाल्या की त्यांना पोळ्यानंतरच कळलं होतं.

खर्रा आजपासून बंद. याबद्दल भांडायचं असेल तर मी तयार आहे. तोंडी.

मी घाबरले आहे, बाबूजी. हे वाक्य कुठे बसवायचं ते कळत नव्हतं, म्हणून शेवटी राहिलं.

हे पत्र तिलकदादांकडे देत नाही. मीच घेऊन येते आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी समोर बसलेली असेन, आणि माय माझ्या शेजारी. तिला मी अजून काही कळवलेलं नाही. तुमचं वाचून होईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. घाई नाही. झालं की मान वर करा.

गुंजन